हलकं तेल

तेल शेंगदाण्याचं होतं, ताजं होतं आणि जास्त होतं. पहिल्या दोन गोष्टींबद्दल आमच्या इमारतीत आजवर कुणी माझे आभार मानलेले नाहीत. तिसरीपायी मात्र माझ्यावर सभा भरली. तेल कमी पडलं असतं तर काही झालं नसतं, हे मी ठामपणे सांगू शकतो. कमी पडण्याची आपल्या लोकांना सवय असते. रेशनला साखर कमी पडते, नळाला पाणी कमी पडतं. माणूस चार शब्द बोलतो आणि घरी जातो. पण एखादी गोष्ट जास्त झाली की तो घरी जात नाही. यात कुणीतरी काहीतरी केलेलं असणार, असं त्याला वाटू लागतं. आमच्या इमारतीत ते कुणीतरी म्हणजे मी, श्यामसुंदर मोहिले.

ब्याऐंशी सालची दिवाळी तोंडावर आली होती. वाशीला तेव्हा इमारती नव्या होत्या, झाडं हातभर होती आणि डास तेवढे पूर्ण वाढलेले होते. आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं. कुणी गिरगावातून आलेलं, कुणी साताऱ्याकडून, कुणी उरणहून. कुणाचं कुणाला मागचं काही ठाऊक नाही. त्यामुळे जो तो आपलं नाव नव्या पाटीवर लिहिल्यासारखं जपत होता. मी तर जरा जास्तच, कारण मी सरकारी आकडेवारी खात्यात. आकडा चुकला की माझी झोप उडते. निदान तेव्हा माझी तशी समजूत होती.

समोरच्या जयमालाबाई एका संध्याकाळी जिन्यात सुनीतीला, म्हणजे माझ्या पत्नीला, सांगत होत्या, ''अगं, वाणी तेल देताना असा चेहरा करतो ना, जसं काही दान देतोय. त्यात ते तेल तरी कसलं!'' मी नुकताच ऑफिसातून आलो होतो. चपला काढायच्या आणि आत जायचं, एवढंच माझं काम होतं. ते सोडून मी म्हणालो, ''किलो किलो आणता कशाला? सगळ्या बिऱ्हाडांत मिळून पनवेलच्या पेठेतून सबंध पिंप आणू. बारा घरं, प्रत्येकी पंधरा किलो. एकशे ऐंशी किलो. झालं!''

''भावोजी, तुम्ही आणाल?'' जयमालाबाईंनी विचारलं.

''त्यात काय आहे?'' मी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती याच तीन शब्दांनी सुरू झालेल्या आहेत.

सुनीती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी संमती समजतो. हा समज तिनं पुष्कळदा खोडून काढला आहे, पण तो जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले येऊ लागले. खालच्या मजल्यावरच्या चांगुणाबाई मूळच्या उरणच्या, मुलाला इथं जागा मिळाली म्हणून आलेल्या. त्यांनी मला हाक मारून बजावलं, ''त्याल हातावर चोलून बघा. वास घ्या. आनि मापताना पयलं माप 'लाभ' म्हनायचं, 'एक' नाय म्हनायचं. एक म्हनलं का बरकत जाते.'' सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब जगदाळे पोलीस खात्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना बरकतीपेक्षा आगीची काळजी होती. ''पिंप जिन्याखाली ठिवायचं म्हंता? आवो, ज्वलनशील पदार्थ हाय त्यो. परवानगी आना.''

''कुणाची?''

''ज्याची आसंल त्याची.''

ती कुणाची असेल हे शोधण्यात माझी अर्धी रजा गेली. एका कचेरीतल्या साहेबांनी मला बसवून घेतलं, पाणी पाजलं आणि विचारलं, ''तेल खाण्याचं की जाळण्याचं?'' मी म्हणालो, खाण्याचं. ते म्हणाले, ''मग आमच्याकडे नाही. आम्ही जाळण्याचं बघतो.'' खाण्याचं बघणाऱ्या साहेबांनी सांगितलं की घरगुती वापराला परवानगी लागत नाही, पण एवढं तेल घरगुती कसं? मी म्हणालो, घरं बारा आहेत. ते म्हणाले, ''मग बारा घरांत ठेवा, जिन्याखाली का ठेवता?'' अखेर रावसाहेबांनीच तोडगा काढला. पिंपाजवळ वाळूची बादली ठेवायची आणि वाटप होईपर्यंत रात्रंदिवस एक जबाबदार माणूस बसवायचा. जबाबदार माणूस कोण, यावर चर्चा झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

पनवेलला व्यापाऱ्यानं माझ्या डोळ्यांदेखत रिकामं पिंप काट्यावर चढवलं, मग भरलेलं चढवलं. पिंपाचं वजन वजा जाता तेल बरोबर एकशे ऐंशी किलो. मी तेल हातावर चोळलं, वास घेतला. एवढ्यावरून मला काय कळलं ते विचारू नका, पण मी मान डोलावली. व्यापाऱ्यानंही डोलावली. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मी वाशीत शिरलो तेव्हा बारा गॅलऱ्यांतून लोक बघत होते. माझी लग्नाची वरात निघाली होती तेव्हाही एवढी गर्दी नव्हती.

पिंप खाली उतरलं आणि जयमालाबाई वरून ओरडल्या, ''अगं बाई, आज शनिवार!''

हे मात्र माझ्या ध्यानात नव्हतं. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस म्हणून मी तो वार धरलेला. पण शनिवारी तेल घरात घेत नाहीत. एकही बाई डबा घेऊन खाली येईना. ''पिंप आलंय ते भावोजींनी आणलंय,'' जयमालाबाईंनी निकाल दिला. ''आमच्या घरात उद्या येईल.'' म्हणजे सगळ्या इमारतीची साडेसाती त्या एका रात्रीपुरती माझ्या नावावर. मी पिंपाशेजारी सतरंजी टाकली. डास मला चावले आणि पिंपाला सोडून दिलं, एवढंच त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं आहे. पुढे मात्र त्या रात्रीला फार महत्त्व आलं.

झोपण्यापूर्वी सुनीती पांघरूण द्यायला खाली आली होती. ''मोजणार कशानं?'' तिनं विचारलं.

''दूधवाल्याचं लिटरचं माप आणलंय.''

''पण तेल किलोवर आलंय ना? तराजू आणा की कुणाचा तरी.''

मी हसलो. अज्ञानी माणसाकडे बघून ज्ञानी माणूस हसतो तसा. ''अगं, एक लिटर म्हणजे एक किलो. शाळेत शिकवतात. लिटर आणि किलो हे सख्खे भाऊ.''

''भाऊ असतील,'' ती म्हणाली, ''पण भावाभावांचं वजन सारखं असतं का?'' आणि वर निघून गेली.

रविवारी सकाळी वाटप. बायका डबे, बरण्या, कळशा घेऊन रांगेत. मी लुंगी खोचून, बनियनवर, हातात माप. चांगुणाबाई मोजणीवर देखरेख करायला स्टूल टाकून बसल्या. ''लाभ!'' मी पहिलं माप ओतलं. ''दोन! तीन!'' मध्येच कुणीतरी शंका काढली की लाभ धरून पंधरा की लाभ सोडून पंधरा? त्यावर थोडा वेळ काम थांबलं. लाभ धरून, असं ठरलं. बारा घरं, प्रत्येकाला पंधरा मापं, एकही माप कमी नाही की जास्त नाही. हात दुखून आले, पण शेवटचा डबा भरला तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. मी पिंप जरा कलतं केलं, तळाशी काही थेंब उरले असतील तर पणतीला होतील म्हणून.

आतून डुबुक असा आवाज आला.

मी आत डोकावलो. मग चांगुणाबाई डोकावल्या. ''गो बाय! अजून त्याल हाय!'' मापून बघितलं तर सतरा लिटर आणि वर थोडं. सबंध डबाभर तेल! चांगुणाबाईंनी पिंपाला हात जोडले. ''लक्ष्मी पावली! लाभ म्हनलं ना, त्याचा गुन!'' बायका खूश झाल्या. कुणीतरी पिंपाला हळदकुंकूही वाहिलं. मीही खूश झालो. नशिबात एवढी बरकत आपल्या हातून घडायची होती, असं मला वाटलं. ते सुख पाचच मिनिटं टिकलं, कारण तेवढ्यात रावसाहेब खाली आले.

त्यांनी हिशेब विचारला. आणलं एकशे ऐंशी. वाटलं बारा पंधरं एकशे ऐंशी. उरलं सतरा.

''मंग ह्ये सतरा आलं कुठनं?'' रावसाहेब म्हणाले.

त्यांनी वाकून पिंपात बघितलं.

''कमी आलं आसतं तर म्या समजलो आसतो. यापारी मारतोच. पर जास्त? आवो मोहिले, जगात जास्त कोन देतं?''

खरं सांगतो, मलाही ठाऊक नव्हतं ते आलं कुठून. रात्रभर पिंपाजवळ मी होतो. मी कुठं हाललो नव्हतो. आणि नेमकी हीच गोष्ट रावसाहेबांनी मोठ्यानं बोलून दाखवली. ''रातीला हितं कोन व्हतं? तुमीच ना?'' मागून कुणीतरी हळूच 'पामतेल' असा शब्द उच्चारला. रेशनचं पामतेल तेव्हा स्वस्त मिळायचं आणि त्याला कुणी तोंड लावायचं नाही. तो शब्द रांगेतून असा फिरला की पाहता पाहता सगळ्यांचे डबे पामतेलाचे झाले. रात्री मी पिंपात पामतेल ओतलं, सकाळी सगळ्यांना बरोब्बर पंधरा पंधरा दिलं, आणि वर उरलेला डबाभर माझा! किती सोपं होतं! त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं असतं.

रावसाहेबांनी उरलेला डबा लाखेनं सीलबंद करून आपल्या घरी नेला.

त्यानंतरचे दिवस मी विसरू म्हणतो, पण विसरत नाही. जिन्यात लोक मला वाट करून देत. गर्दीत वाट मिळणं वेगळं आणि ही वाट वेगळी. माझं एक वेळ ठीक आहे. ऑफिसला जायचं, यायचं. पण आमच्या इमारतीत बायका फराळ मिळून करायच्या. आज हिच्याकडे चकल्या, उद्या तिच्याकडे करंज्या. त्या वर्षी सुनीतीला कुणी बोलावलंच नाही. समोरून सोऱ्याचा आवाज यायचा, हसणं यायचं. सुनीती आपल्या ओट्याशी एकटी चकल्या पाडायची. ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं एकही शब्द काढला नाही, आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली. काही न करता एवढी लाज वाटू शकते, हे मला ठाऊक नव्हतं.

तशात जयमालाबाईंचे अनारसे हसले. ज्यांना स्वयंपाकातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तेलात सोडल्यावर अनारसा विरघळून पसरला की तो हसला असं म्हणतात. अनारसा हसला की करणारी रडते. जयमालाबाईंनी कढई घेऊनच जिन्यात येऊन सगळ्यांना दाखवली. ''बघा! सतरा वर्षांत माझा एक अनारसा हसला नाही. हे तेलच खोटं!''

नेमक्या त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरचे कमळाकर रात्रपाळी करून परत आले. हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कारखान्यात केमिस्ट. आठवडाभर पाळ्यांमुळे त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. जिन्यातच त्यांनी सगळी हकिकत ऐकली आणि हसले. अनारशासारखे नव्हे, खरेखुरे.

''अरे, सिंपल आहे! टेन्शन कशाला घेता? लिटर म्हणजे किलो हे पाण्याचं. तेलाचं एक लिटर भरतं नऊशे-दहा ग्रॅम. एकशे ऐंशी किलोचे जवळजवळ एकशे अठ्ठ्याण्णव लिटर होणार. उरायलाच पाहिजे! तेल पाण्यापेक्षा हलकं असतं.''

माझा जीव भांड्यात पडला. तो लगेच बाहेर काढावा लागला.

''हलकं?'' जयमालाबाई म्हणाल्या. ''ऐकलंत ना सगळ्यांनी? केमिस्ट स्वतः सांगताहेत. तेल हलकं आहे!''

''अहो, तसं हलकं नाही. वजनाला हलकं. सगळंच तेल हलकं असतं.''

''सगळंच कसं हलकं असेल? आम्ही भारी तेलाचं सांगितलं होतं.''

''आनि त्याल हलका कसा?'' चांगुणाबाईंनी विचारलं. ''दोन भजी जास्त खाल्ली तर पोटाला जड होतंय का हलका? तुमीच सांगा.''

कमळाकरांनी पोटाचा प्रश्न सोडून दिला. त्यांनी ग्लासात पाणी घेतलं, वर तेल ओतलं, तेल तरंगलं. ''बघा, हलकं आहे म्हणून वर राहिलं.'' रावसाहेब म्हणाले, ''वर ऱ्हातंय त्ये हलकं? मंग साय काय हलकी आस्ती?'' या देशात विज्ञान का रुजत नाही यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला वाटतं, ते आमच्या जिन्यापर्यंत येतं आणि तिथं त्याला अशी माणसं भेटतात.

शेवटी वजन करूनच बघायचं ठरलं आणि त्यासाठी धनत्रयोदशीच्या सकाळी जिन्याखाली सभा भरली. तराजू कुणाकडेच नव्हता. पोपट रद्दीवाला रस्त्यानं चालला होता, त्याला आत ओढला. ''साहेब, माझा काटा फक्त रद्दीचा हाय,'' तो गयावया करू लागला. कुणी ऐकलं नाही. एक लिटर तेल पातेल्यात घालून, पातेल्याचा धडा करून, म्हणजे त्याच्या वजनाचे दगड दुसऱ्या पारड्यात टाकून, वजन केलं. सातशे तीस ग्रॅम!

एकच हलकल्लोळ झाला. कमळाकर म्हणाले होते नऊशे-दहा, आणि इथं सातशे तीस! ''बघा, किती हलकं आहे!'' जयमालाबाई ओरडल्या. पण कमळाकर शांत. त्यांनी तेच पातेलं धुऊन त्यात एक लिटर पाणी घातलं आणि काट्यावर ठेवलं. आठशे.

''काटा खोटा आहे,'' कमळाकर म्हणाले, ''पण तो दोघांशी सारखाच खोटा आहे. पाण्यापेक्षा तेल कमी भरलं की नाही?''

सभा विचारात पडली. कमळाकरांचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचबरोबर सगळ्यांच्या ध्यानात आलं की आजवर आपण पोपटला किलोमागे दोनशे ग्रॅम रद्दी फुकट घातली. लोकांनी माना वळवल्या तेव्हा पोपट फाटकाबाहेर होता. काटा त्यानं नेला, दगडी वजनं राहिली.

तर तेल हलकं असतं, हे मान्य झालं. भेसळ झालेली नव्हती. प्रत्येकाला पंधरा किलोऐवजी पंधरा लिटर, म्हणजे किलोभराहून जास्त कमी मिळालं होतं, आणि तेच साठून डबाभर झालं होतं. मी उठून उभा राहिलो. आता कुणीतरी माफी मागेल, मी मोठ्या मनानं 'जाऊ द्या' म्हणेन, असं सगळं मी मनात जुळवलं होतं.

''मंग ह्ये तर लईच वाईट झालं,'' रावसाहेब म्हणाले.

''का?'' मी विचारलं.

''भेसळ न्हाई. मंजे मापात मारलं. आवो, तुमी आकड्यांच्या खात्यातलं मानूस. किलोचं लिटर किती व्हत्यात ह्ये तुमाला ठावं न्हवतं, ह्ये कुनाला पटंल? घेतलं किलोनं, वाटलं लिटरनं! ठरवून केल्याबिगार आसं व्हतंय व्हय?''

कमळाकरांनीही माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. ''मोहिले, ही डेन्सिटी तर शाळेत असते हो.''

मी खरंच गोंधळलो. मला ठाऊक होतं म्हणावं, तर मी चोर. मला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर इतक्या वर्षांची नोकरी, इतक्या वर्षांची ऐट! मी काही बोलणार एवढ्यात मागून सुनीती पुढे आली. हात पिठाचे, पदर खोचलेला.

''यांना?'' ती म्हणाली. ''यांना ठाऊक असणार? रावसाहेब, तुम्ही यांना ओळखतच नाही.''

मी हळूच 'सुनीती' म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

''खिडकीचं माप यांनी फुटात घेतलं आणि कापड आणलं तेवढेच मीटर. या घरात आल्यापासून आमचे पडदे जमिनीवर लोळताहेत, कुणीही येऊन बघा. दूध बघा म्हटलं तर दुधासमोर उभे राहतात, आणि उतू गेलं की मला हाक मारून सांगतात, 'गेलं गं.' गावाला जाताना कुलूप लावलं आणि किल्ली आत ठेवली. एकदा नाही, दोनदा. शनिवारी मी यांना सांगितलं, तराजू आणा. मला म्हणाले, लिटर आणि किलो सख्खे भाऊ. असं हसून म्हणाले! हा माणूस मापात मारणार? मारायला आधी माप कळावं लागतं!''

तिचा आवाज शेवटी कापला. लोकांना कळवळा आला, पण तो माझा नाही, तिचा. जयमालाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. ''सुनीती, अगं बाई, तू यातलं कधी बोलली नाहीस!'' त्यांनी तिला जवळ घेतलं. ''आजच ये माझ्याकडे. करंज्या दोघी मिळून करू.'' चांगुणाबाई मान हलवत म्हणाल्या, ''गरीब मानूस हाय बिचारा. डोक्यानं गरीब.''

रावसाहेब घसा साफ करून उभे राहिले. ''तर सभेसमोर ठराव असा हाय. मोहिलेसायेबांनी कायबी चोरी क्येलेली न्हाई, कारन त्यास्नी यातलं कायबी कळत न्हवतं. ज्यास्नी मान्य हाय, त्यांनी हात वर करावा.''

एकामागून एक हात वर गेले. जयमालाबाईंचा, चांगुणाबाईंचा, कमळाकरांचा. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत उंच सुनीतीचा, पीठ लागलेला.

रावसाहेबांनी हात मोजले आणि माझ्यापाशी येऊन थांबले. ''अकरा घरं झाली. येक ऱ्हायलं, तुमचं. वैनींचा हात धरला न्हाई, घर तुमच्या नावावर हाय. एकमतानं झालं तर पुन्ना कुनी उकरून काढनार न्हाई, मोहिलेसायेब.''

मी सुनीतीकडे बघितलं. किती दिवसांनी ती बायकांच्या घोळक्यात उभी होती, आणि तिच्या खांद्यावर जयमालाबाईंचा हात होता. मी चष्मा नीट केला आणि हात वर केला.